आफ्रिकन ग्रे आणि खान्देशातला उन्हाळा : भुऱ्या दांडीवरून पडला, काय करू?

गिरणाकाठची, जळगाव

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

आमच्याकडे आफ्रिकन ग्रे पोपट आहे. नाव भुऱ्या, वय सात. नर की मादी ते कधी तपासलं नाही, सगळे 'तो'च म्हणतात. काल दुपारी तीनच्या सुमारास दांडीवर बसल्या बसल्या त्याची मान एका बाजूला वळली, पंख फडफडले आणि धप्पकन पिंजऱ्याच्या तळाशी पडला. पाय आखडलेले, सगळं अंग थरथरत होतं. मी पिंजऱ्याचं दार उघडेपर्यंत उठून बसला. तासाभराने बिया फोडत होता, जणू काही झालंच नाही.

बाहेर ४४ अंश होतं. दोन ते चार लाइट नव्हती, म्हणजे कूलर बंद. सासूबाई म्हणतात ऊन लागलं. शेजारचे काका म्हणतात फेफरं आहे, असं पाखरू वाचत नाही. घरचे म्हणतात एसी बसवून टाकू.

खाणं : सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, केळं, आमच्या ताटातली दादर ज्वारीची भाकरी. पिंजरा हॉलमध्ये मोठ्या काचेच्या खिडकीपाशी आहे, सकाळचं कोवळं ऊन त्यावर येतं. दोन महिन्यांपासून छातीची पिसंही उपटतोय.

हा उन्हाचा झटका आहे का? एसी घेतला तर थांबेल का? इकडे पाखरांचा डॉक्टर कुणाला माहीत आहे का? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

---

तापीकाठ, भुसावळ

ताई, घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका.

आमच्या भुसावळात उन्हाळा म्हणजे काय ते मी सांगायला नको. ऊन बाधलेला पोपट मी पाहिलाय. तो असा अवचित पडून लगेच उठत नाही. आधी चोच उघडी ठेवून धापा टाकतो, पंख अंगापासून लांब धरतो, मग मलूल होतो. पाखराला घाम येत नाही, तो श्वासावाटेच अंग थंड करतो. तसं दिसलं तर पंखांखाली आणि पायांवर साधं पाणी लावायचं, बर्फाचं नाही, आणि हवेशीर जागी न्यायचं.

तुम्ही सांगताय ते मला वेगळं वाटतंय. जाणकार येतीलच. तोवर दांड्या खाली घ्या, तळाशी जाड टॉवेल अंथरा, म्हणजे परत पडला तर छातीचं हाड फुटणार नाही. आणि परत तसं झालंच तर मोबाइलवर चित्रण करून ठेवा. डॉक्टरला शंभर वाक्यांपेक्षा ते जास्त कळतं.

---

केळीबाग, रावेर

एसीबिसी काही लागत नाही. आमच्या आजोबांच्या ओसरीवर राघू होता. पेरू, हिरवी मिरची आणि हरभऱ्याचे घाटे खाऊन वीस वर्षं जगला. रावेरचाच उन्हाळा होता की तोही. पोपटाला जितकं जपाल तितका नाजूक होतो.

---

पशुवैद्य_नाना, अमळनेर

केळीबाग, तुमचा राघू इथल्याच मातीतला. ग्रे हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या दमट रानातला पक्षी. दोघांच्या चोची वाकड्या म्हणून दोघांचं शरीर सारखं होत नाही. शिवाय आपला देशी पोपट घरात ठेवणं आता कायद्याने गुन्हा आहे, हे नव्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो.

गिरणाकाठची ताई, माझी नोकरी गाई-म्हशी आणि शेळ्यांत गेली. पण घरी १४ वर्षं ग्रे आहे, आणि त्याच्यापायी पाखरांचं जेवढं शिकता येईल तेवढं शिकलो. न तपासता निदान करणार नाही. पण तुमचं वर्णन वाचून माझ्या मनात पहिला शब्द आला तो कॅल्शियम.

रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येणं हा ग्रे पोपटांत पुष्कळ दिसणारा आजार आहे. कॅल्शियम कमी पडलं की बहुतेक प्राणी ते हाडांतून रक्तात ओढून घेतात. ग्रेला हे नीट जमत नाही. त्यामुळे हाडं धड दिसतात आणि रक्तात मात्र खडखडाट. मग तोल जाणं, दांडीवरून पडणं, पाय आखडणं, झटका.

आता तुमची यादी बघा. सूर्यफूल आणि शेंगदाणे, दोन्हींत तेल भरपूर, कॅल्शियम नावाला, आणि फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. केळ्यात कॅल्शियम नाही. भाकरीत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, जे तुम्ही सहज लिहून गेलात : ऊन काचेतून येतं. खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, ते बनायला उन्हातले अतिनील किरण लागतात, आणि नेमके तेच किरण साधी खिडकीची काच अडवते. ४४ अंशांच्या जळगावात राहूनही तुमचा भुऱ्या उन्हाविना आहे, असं म्हणायला हरकत नाही.

रक्त तपासल्याशिवाय काही नक्की नाही. शिसं किंवा जस्त पोटात गेल्यानेही झटके येतात. पिंजरा कशाचा आहे? उद्याच्या उद्या पाखरं पाहणाऱ्या डॉक्टरकडे न्या. आपल्याकडचे बहुतेक लोक नाशिक नाहीतर पुणे गाठतात, नंदुरबारवाले सुरतेला जातात. आधी फोन करून 'पोपटाचं रक्त घेता का' हे विचारा. सगळे घेत नाहीत.

---

माहेरवाशीण, पारोळा

कॅल्शियमच पाहिजे ना? मग पाण्यात पानाचा चुना टाका चिमूटभर. आमच्याकडे लहान मुलांना निवळी द्यायचे. नाहीतर समुद्रफेस टांगा.

---

पशुवैद्य_नाना, अमळनेर

चुना नको. अजिबात नको. तो दाहक आहे, आणि साडेचारशे ग्रॅमच्या जिवाला चिमूट म्हणजे किती हे कुणी मोजायचं? निवळी करायला गेलं तरी रोज सारखी होत नाही.

समुद्रफेस चालतो, पण ग्रे तो खाण्यापेक्षा कुरतडून खाली पाडतात. पिंजऱ्याखाली पांढरी पूड दिसली म्हणजे पोटात गेलं असं समजू नका. अंड्याचं टरफल उकळून, खडखडीत वाळवून, बारीक पूड करून ओल्या भाजीवर भुरभुरलं तर जातं पोटात. मेडिकलमधून ड जीवनसत्त्वाचे थेंब आणून मनाने सुरू करू नका. ते जास्त झालं की मूत्रपिंडं खराब होतात.

---

गिरणाकाठची, जळगाव

नाना, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काचेचं तर डोक्यातच नव्हतं. मी रोज सात वाजता उठून पडदा सरकवायचे, त्याला ऊन मिळावं म्हणून. सात वर्षं.

पिंजरा विकतचा आहे, रंगाचा, कुठे पोपडे नाहीत. नाशिकला फोन झाला, परवा सकाळची वेळ मिळाली. तोवर काय खायला देऊ?

---

डांगरभाजी, चोपडा

वेळ मिळाली हे छान झालं! आमची गंगू पाच वर्षांची आहे, तिचं ताट सांगते. सगळं आपल्या बाजारातलंच आहे.

शेवग्याचा पाला ही पहिली गोष्ट. कॅल्शियमही आणि अ जीवनसत्त्वही. दारात झाड असेल तर अख्खी डहाळीच टांगा, पाला तोडण्यात त्याचा वेळ मजेत जातो. नाचणी भिजवून मोड आणलेली, आपल्याकडे सातपुड्याच्या बाजूने येते ती. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, इतर धान्यं त्याच्या जवळपासही नाहीत. मोड आलेले मूग-मटकी. लाल डांगर म्हणजे भोपळा किसून, गाजर, कोथिंबीर, मेथी, मक्याचं कोवळं कणीस. पालक क्वचितच, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं.

सूर्यफूल मी बंद केलं नाही. फक्त बक्षीस म्हणून हातातून देते, दिवसाला दहा-बारा दाणे. ताटात कधीच नाही.

पण आत्ता आजारात एकदम बदलू नका. नवीन काही दिसलं की ग्रे उपाशी बसतो पण खात नाही. गंगूला डांगर खायला लावायला मला तीन आठवडे लागले. शेवटी मी तिच्यासमोर बसून कच्चं डांगर कचाकचा खाल्लं, तेव्हा तिला ते खाण्यासारखं वाटलं.

कधीच द्यायचं नाही असं : अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारं काहीही. म्हणजे शेव, पापड, बिबडे, केळ्याचे वेफर सगळं बाद. सफरचंदाच्या बिया काढून टाका. आणि शेंगदाणे देत असाल तर ते माणसाच्या खाण्यातले, स्वच्छ, भाजलेले हवेत. घरच्या पोत्यातले जुने, कुबट वास येणारे शेंगदाणे म्हणजे बुरशीचं विष, यकृत जातं.

---

केळीबाग, रावेर

बाकी सगळं मान्य. पण आमच्या रावेर-यावलच्या केळ्याला बाहेर काढलंत? केळीच्या गावात राहून पोपटाला केळं नाही?

---

डांगरभाजी, चोपडा

बाहेर नाही काढलं, दादा! दोन बोटं जाडीची चकती, आठवड्यातून दोनदा, साल काढून. केळं वाईट नाही, पण पोट गोडाने भरतं आणि मग शेवग्याकडे बघायला जागा उरत नाही. भुऱ्याला ते रोजचं जेवण झालंय ही अडचण आहे.

---

लालमिरची, नंदुरबार

आमच्या गावचं नाव काढल्याशिवाय हा धागा कसा पुढे जाईल? पोपटाला मिरची द्या, बिनधास्त. मिरचीतलं जे द्रव्य आपली जीभ भाजतं, ते पक्ष्यांना जाणवतच नाही. त्यांच्या मज्जातंतूंतलं ते कुलूपच वेगळं आहे. म्हणून तर पाखरं मिरच्या खाऊन बी रानभर टाकत फिरतात. पिकलेल्या लाल मिरचीत अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर असतो. आमचा शंभू ओली लाल मिरची एका पायात धरून आधी बिया खातो, मग साल.

पण ओली आणि धुतलेली. पथारीवर वाळत घातलेली, पाऊस लागून काळे डाग पडलेली मिरची नको, तिलाही बुरशी असते. आणि मिरची भाजायची असेल तेव्हा पोपट घराच्या दुसऱ्या टोकाला. तोंडाला झोंबत नसली तरी त्या धुराने फुप्फुसं जातात.

---

पांझरा, धुळे

नाना, तुम्ही जस्ताचं लिहिलंत, त्यावर माझा अनुभव लिहायलाच हवा.

चार वर्षांपूर्वी मी मोठा पिंजरा हवा म्हणून एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. साडेतीन फूट लांब, पाच उंच, बघत राहावा असा. जाळी जीआयची. नवीन, चकचकीत. माझा मोती दिवसभर चोचीने जाळीवर चढायचा, डाग दिसला की कुरतडायचा. महिन्याभरात पाणी खूप प्यायला लागला, विष्ठा हिरवीगार आणि पाण्यासारखी, खाल्लेलं उलटून टाकायचा. मी हवामान बदललं म्हणून आठ दिवस थांबलो. गावातल्या एका दवाखान्यात पोट बिघडल्याचं औषध दिलं, त्यावर आणखी चार दिवस. पुण्याला पोहोचलो तेव्हा त्याला दांडीही पकडता येत नव्हती. रक्तात जस्त निघालं. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा, आणि तोच तो रोज थोडा थोडा खात होता.

मोती गेला. वय अकरा. या पक्ष्याचं आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचं असतं.

नवीन पिंजरा करणाऱ्यांना कळकळीची विनंती : स्टेनलेस स्टील घ्या, नाहीतर चांगला पावडर कोटिंगचा. जाळी, बिजागरी, कुलूप, टांगायच्या साखळ्या, सगळं तपासा. आणि आठ दिवस थांबू नका.

---

तापीकाठ, भुसावळ

पांझरा भाऊ, वाचून गलबलून आलं. तुम्ही हे लिहिलंत त्याने कुणाचा तरी पोपट वाचेल.

---

पशुवैद्य_नाना, अमळनेर

पांझरा, तुमची चूक नाही. रानात आजारी दिसणारं पाखरू आधी मारलं जातं, म्हणून ही जात शेवटपर्यंत आजार लपवते. ज्या दिवशी पिसं फुलवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो, त्याच्या कितीतरी आधी आजार सुरू झालेला असतो.

म्हणून माझा सगळा भर वजनावर. किराणाचा डिजिटल काटा घ्या, वर छोटी लाकडी दांडी बसवा, दर शनिवारी सकाळी पहिल्या शी नंतर आणि खाण्याआधी पोपट त्यावर चढवा. कॅलेंडरवर आकडा लिहा. साधारण मोठा ग्रे चारशे ते पाचशे ग्रॅम भरतो, पण दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको, आपल्याच पोपटाच्या मागच्या आकड्याशी करा. दहावा हिस्सा वजन घटलं तर डोळ्यांना काही दिसत नसलं तरी डॉक्टरकडे.

दुसरं, रोज सकाळी तळाचा कागद. विष्ठेचे तीन भाग असतात : हिरवट-तपकिरी घट्ट, पांढरा, आणि पाण्याचा. पांढरा पिवळा किंवा हिरवा झाला तर काळजी. डाळिंब, बीट खाल्लं असेल तर लाल दिसेल, त्याने दचकू नका. कागद साधा घाला, त्यावर वाळू-भुसा पसरू नका, नाहीतर काहीच दिसत नाही.

---

यात्रीगण, भुसावळ

वातावरण जड झालंय म्हणून थोडं अवांतर. आमच्या रेल्वे क्वार्टरमधला ग्रे पहाटे पाचला 'यात्रीगण कृपया ध्यान दें' म्हणतो आणि मग इंजिनाची शिट्टी. पाहुणे खडबडून उठतात. इन्व्हर्टरचा टींटीं तर इतका हुबेहूब की खरोखर लाइट गेली तरी घरात कुणी उठत नाही.

---

लालमिरची, नंदुरबार

शंभू अहिराणी बोलतो! दाराची कडी वाजली की 'कोन शे?' आणि आपण आत आलो की 'काय करी राहिना भो?' पुण्याची भाची आली होती, ती त्याला शुद्ध मराठी शिकवायला बसली. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, 'आठे ये ना.'

---

शाळामास्तर, शिरपूर

यावर एक सांगावंसं वाटतं. ही नुसती नक्कल असते असं आपण धरून चालतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने १९७७ साली शिकागोच्या दुकानातून एक साधा ग्रे घेतला, अ‍ॅलेक्स. तीस वर्षं त्याच्यासोबत काम केलं. तो रंग, आकार, वस्तू ओळखून सांगायचा, सहापर्यंत मोजायचा, दोन वस्तूंत सारखं काय आणि वेगळं काय हे विचारलं तर उत्तर द्यायचा. २००७ मध्ये ३१ व्या वर्षी गेला.

मी मुलांना हे वर्गात सांगतो तेव्हा हमखास एक मूल विचारतं, 'सर, मग त्याला पिंजऱ्यात कंटाळा येत असेल ना?'

---

सातपुडा, शहादा

त्या मुलाचा प्रश्न माझाही आहे, आणि तो सरळ विचारतो. मुळात हा पक्षी आपण का पाळायचा? हजारोंच्या थव्यात राहणारा, दिवसभर मैलोन्मैल उडणारा जीव. पाळण्यासाठी पकडून पकडून आफ्रिकेतली जंगलं रिकामी केली. २०१६ मध्ये तो 'संकटग्रस्त' यादीत गेला, २०१७ पासून रानातल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. आणि आपण इथे त्याला नाचणी द्यावी की डांगर यावर बोलतोय.

मला कुणाला दुखवायचं नाही. पण हा धागा वाचून चार जण 'किती गोड' म्हणून नवीन पिल्लू आणतील, त्याचं काय?

---

गिरणाकाठची, जळगाव

दादा, राग नाही. भुऱ्या आम्ही विकत घेतला नाही. ओळखीतलं एक कुटुंब परदेशी गेलं, तेव्हा तो अगदी लहान होता, त्यांनी आमच्याकडे ठेवला. तो जन्मभर आमचा असेल हे तेव्हा कळलं नव्हतं. नवीन कुणी आणू नये हे मलाही पटतं. पण जो आलाय त्याचं नीट करायला हवं ना?

---

पांझरा, धुळे

सातपुडा भाऊंना अनुमोदन. मोतीनंतर मी परत आणला नाही. आणि मोतीही मला 'बाटलीने भरवलं की जीव लावतो' असं सांगून डोळे जेमतेम उघडलेला विकला होता. घरी आम्ही भरवलेली पेज जरा जास्त गरम झाली आणि त्याची अन्नपिशवी आतून भाजली. तेव्हा वाचला हे नशीब. स्वतः खायला न शिकलेलं पिल्लू विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

---

शाळामास्तर, शिरपूर

ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांच्यासाठी : वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. त्यानुसार ग्रेसारख्या परदेशी जातींची नोंदणी परिवेश २.० या संकेतस्थळावरून करावी लागते. सहा महिन्यांची मुदत होती. नसेल केली तर लपवत बसू नका, जिल्ह्याच्या वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

---

गिरणाकाठची, जळगाव

आमची नोंदणी २०२४ मध्येच झाली आहे. पावतीची प्रत नाशिकच्या प्रवासाच्या पिशवीत ठेवली.

---

माहेरवाशीण, पारोळा

माझ्या पोपटाला महिन्याभरापासून खोकला आहे. त्याला काय देऊ?

---

तापीकाठ, भुसावळ

मावशी, घरात कुणी खोकतं का? आमच्याकडे बाबांचा खोकला मिठूने उचलला होता, शेवटच्या खाकरण्यासकट. दोन महिने आम्ही त्याला वाफ देत होतो.

---

पशुवैद्य_नाना, अमळनेर

ओळखायची खूण सांगतो. शांत बसलेला असताना श्वासागणिक शेपूट वर-खाली हलतेय का? नाकपुडीभोवती ओल, चिकट पिसं? आवाज बसलाय का? यातलं काही असेल तर आजार. नसेल, आणि खोकून झाल्यावर तुमच्याकडे बघत असेल, तर नक्कल. आणि वाफ देऊ नका कुणी, भाजतं.

श्वासाचा विषय निघालाच आहे तर कूलरचं बोलतो. खान्देशात हे कुणी बोलत नाही. कूलरच्या गवताच्या ताट्या मागच्या वर्षीच्याच वापरल्या तर त्यात बुरशी असते. मार्चमध्ये पहिल्यांदा बटण दाबलं की ती सगळी पोपटाच्या फुप्फुसात. या जातीला बुरशीचा न्यूमोनिया पटकन होतो, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. दर वर्षी नवीन ताट्या, टाकीतलं पाणी दोन दिवसांनी बदलायचं, आणि झोत थेट पिंजऱ्यावर नको. लाइट गेली की खिडकीला ओलं गोणपाट, बाजूला पसरट भांड्यात पाणी. त्यातच तो आंघोळही करतो. एसी असला तर छान, नसला म्हणून अडत नाही.

---

डांगरभाजी, चोपडा

नानांना +१. आणि स्वयंपाकघर! नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरतो, आपल्याला वासही येत नाही. मी घरातले सगळे काढून लोखंडी बिडाचे आणले. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, फवारे बंद. भरीत पार्टीला अंगणात पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजतो, तेव्हा गंगूची रवानगी मागच्या खोलीत आणि दार बंद. पंखा हे अजून एक. पोपट बाहेर असताना छताचा पंखा बंद म्हणजे बंद.

---

वहीवाली, चाळीसगाव

वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा लिहितेय. दमा असलेल्यांनी हा पक्षी घेताना विचार करावा. याच्या अंगातून पांढरी भुकटी सतत झडते. आमच्या आईला त्याने त्रास वाढला. आता पोपट वेगळ्या खोलीत, रोज फडक्याने ओलं पुसणं, दर दिवसाआड आंघोळ. शिवाय पोपटापासून माणसाला होणारा एक तापही आहे. ताप-खोकला लांबला तर आपल्या डॉक्टरला 'घरी पोपट आहे' हे आठवणीने सांगा. ते स्वतःहून विचारत नाहीत.

ताई, पिसं उपटण्याबद्दल. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि आमच्या राणीने छाती उघडी केली. सगळ्या तपासण्या नीट आल्या, म्हणजे ते एकटेपण होतं. मी तिला काम दिलं. आता वाटीत काहीच देत नाही. पळसाच्या पानांच्या द्रोणात मटकी गुंडाळून काडीने टोचते, ते उघडायला पाऊण तास. मक्याचं कणीस पानांसकट. ज्वारी-बाजरीचं कणीस टांगून. निंबाची, पेरूची ओली फांदी दांडी म्हणून, आठवड्याला नवीन. वेगवेगळ्या जाडीच्या फांद्यांनी तळपायही चांगले राहतात. पण शेतातलं कपाशीचं बोंड किंवा सुती दोऱ्या देऊ नका. बोंडावर फवारणी असते आणि धागे पोटात गोळा होतात. संध्याकाळी सातला कापड टाकून अंधार, सकाळी सहापर्यंत झोप, टीव्ही दुसऱ्या खोलीत.

वर्ष लागलं. अजून एक चट्टा आहे, तो राहील बहुतेक.

---

गिरणाकाठची, जळगाव

मंडळी, नाशिकहून आले. सविस्तर लिहिते.

पहाटेच्या गाडीने गेलो. मांजराच्या प्रवासाच्या पेटीत, तळाला टॉवेल, वरून पातळ ओलं उपरणं. वाटेत तो एकदाही बोलला नाही, फक्त माझं बोट चोचीत धरून बसला. डॉक्टरांनी आधी वजन केलं : ३८८. दोन वर्षांपूर्वी नखं कापायला नेला तेव्हा ४३० होतं. मी रोज हातावर घेते आणि मला कळलंच नव्हतं.

रक्तातलं कॅल्शियम खूप कमी निघालं. एक्स-रेमध्ये धातू काही नाही. टाळूच्या आतली बारीक टोकं झिजलेली होती, ते अ जीवनसत्त्व कमी असल्याचं लक्षण म्हणाले. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, दोन आठवडे तोंडातून औषध, मग परत रक्त. नाना, तुमचं जवळजवळ शब्दन्‌शब्द.

ऊन लागलं का, हे मी विचारलंच. ते म्हणाले, आजार महिनोन्‌महिने साचत होता. उन्हाने, लाइट गेल्याने त्या दुपारी अंगावर ताण आला आणि मडकं फुटलं. नुसता एसी बसवला असता तर भुऱ्या थंड खोलीत पडला असता.

आता गॅलरीला बारीक स्टीलची जाळी मारून घेतोय. सकाळी आठ ते साडेआठ थेट ऊन, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली, मी शेजारी बसून. कावळे-मांजरं आहेत, एकट्याला नाही सोडणार. शेवग्याची डहाळी टांगली. दोन दिवस तिच्याकडे पाठ करून बसला, आज तीन पानं तोडली. खाल्ली नाहीत, पण तोडली.

आणि एक गोष्ट. रक्ताबरोबर नर-मादीची तपासणीही केली. भुऱ्या मादी आहे! डॉक्टर म्हणाले पुढे कधी अंडी घातली तर कॅल्शियम आणखी लागेल, नाहीतर अंडं आतच अडकतं. म्हणून हे आधी कळलं ते बरं.

---

लालमिरची, नंदुरबार

भुरीताईंना नमस्कार सांगा!!

---

यात्रीगण, भुसावळ

यात्रीगण कृपया ध्यान दें, भुऱ्या का नाम बदल गया है.

---

गिरणाकाठची, जळगाव

सासूबाईंनी ठरवलंय, नाव भुऱ्याच. 'सात वर्षं हाक मारली, तिला तेच माहीत आहे.'

---

सातपुडा, शहादा

ताई, मनापासून बरं वाटलं. माझा मुद्दा बदललेला नाही, पण जाळीला शिडी लागली तर सांगा. परवा जळगावात आहे.

---

पशुवैद्य_नाना, अमळनेर

औषधाचा डोस चुकवू नका, बरी दिसली तरी. आणि काटा घेतला का?

---

गिरणाकाठची, जळगाव

घेतला. पहिल्यांदा त्यावर चढायला घाबरली, मग पेरूची दांडी बसवली. शनिवारचं वजन : ३९४.

---

पशुवैद्य_नाना, अमळनेर

छान. पुढच्या शनिवारचंही इथेच टाका.